आम्ही शुक्रवारी घरी नसतो

‘पार्टी डाउन’ ही मालिका दोनदा बंद करणाऱ्या वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखांस,



चौदा वर्षांत तुमच्या खुर्चीतली माणसं बदलली, निर्णय मात्र तोच राहिला. म्हणून हे पत्र त्या खुर्चीला लिहिते आहे. एक अमेरिकी मालिका बंद पडली म्हणून पुण्यातल्या एका बाईने पत्र लिहावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मालिका सुरू होतात, बंद पडतात. त्यांतल्या बहुतेकींचं मला सोयरसुतक नाही. या एका मालिकेचं आहे, आणि ते का आहे हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसणार. म्हणून सांगते.

कॉलेजची सगळी वर्षं मी पुरुषोत्तम करंडकाच्या धुंदीत काढली. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’च्या गजरात पडदा सरकायचा तेव्हा पोटात गोळा यायचा. त्या गोळ्याच्या भरवशावर मी पुढचं आयुष्य ठरवलं आणि २००८ साली नाटक शिकायला लॉस एंजेलिसला गेले. अर्धी फी शिष्यवृत्तीतून आणि अर्धी बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, तेही विद्यापीठाच्या आवारातच. ग्रंथालयातल्या जागा भरल्या होत्या, केटरिंगमधल्या रिकाम्या होत्या. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा बो-टाय. घरी फोनवर मी ‘विद्यापीठात काम मिळालं’ एवढंच सांगितलं.

आमच्या भाषेत हे काम करणाऱ्याला वाढपी म्हणतात. मी लहान असताना घरच्या लग्नामुंजीत मामा-काकाच कमरेला पंचा बांधून वाढायला उतरायचे. जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरणं, ‘अजून एक घ्या’ म्हणून आग्रह करणं, हा मान असायचा. ‘वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं’ असं आमच्याकडे म्हणतात, ते उगाच नाही. वाढणाऱ्याचा चेहरा बघायचा असतो, त्याच्याकडे बघून हसायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिकडे मला उलटं शिकावं लागलं.

पहिल्याच सत्रातली गोष्ट. विद्यापीठाच्या देणगीदारांसाठी रात्रीचं जेवण होतं. दोनच दिवस आधी आमच्या विभागाच्या प्रयोगाला एक पाहुणे दिग्दर्शक आले होते. प्रयोग संपल्यावर त्यांनी मला थांबवून सांगितलं होतं की, तू नुसती उभी होतीस तेव्हासुद्धा माझं लक्ष तुझ्यावरच होतं. मी ते वाक्य त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. देणगीदारांच्या त्या जेवणाला ते होते. खेकड्याच्या टिक्क्यांचा ट्रे घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते ओळखतील, या आशेने नेहमीपेक्षा थोडी जास्तच वेळ उभी राहिले. त्यांनी टिक्की उचलली, खाल्ली, हात पुसलेला कागदी नॅपकिन ट्रेवर उरलेल्या टिक्क्यांना टेकवून ठेवला आणि शेजारच्या बाईंशी चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवलं. आमच्यात हातभर अंतर होतं. ते गृहस्थ वाईट नव्हते. माझ्या गळ्यात बो-टाय होता म्हणून त्यांना वर चेहरा असेल असं वाटलंच नाही. आत जाऊन तो नॅपकिन मी कचऱ्यात टाकला, ट्रे पुसला, नव्या टिक्क्या लावल्या आणि परत बाहेर गेले. त्या रात्री मी वही उघडली नाही.

मार्च २००९ मध्ये माझ्या रूममेटने एक मालिका रेकॉर्ड करून ठेवली आणि मला म्हणाली, “ही तुझी आहे. बघ.” ती ‘पार्टी डाउन’ होती.

तुम्हीच दाखवलेली मालिका तुम्हाला सांगायची वेळ यावी, याचंच वाईट वाटतं. पण सांगते. लॉस एंजेलिसमधली एक केटरिंग कंपनी. पांढरे शर्ट, गुलाबी बो-टाय. प्रत्येक भागात एक समारंभ: कुणाचा सोळावा वाढदिवस, कुणाचं लग्न, कुणाची अंत्ययात्रा झाल्यावरचं जेवण, शाळेच्या वर्गमित्रांचं विसाव्या वर्षीचं संमेलन. पाहुणे बदलतात, ट्रे धरणारे तेच राहतात. ॲडम स्कॉटने केलेला हेन्री पोलार्ड एकेकाळी बिअरच्या एका जाहिरातीत झळकला होता. त्या जाहिरातीतल्या एका वाक्यापलीकडे त्याला कुणी कामच दिलं नाही. अभिनय सोडून तो ट्रे उचलायला परत आला आहे, आणि पाहुणे त्याला हटकून तेच वाक्य म्हणायला लावतात. लिझी कॅप्लनची केसी विनोदी कलाकार होऊ बघते. मार्टिन स्टारचा रोमन विज्ञानकथा लिहितो आणि ती कुणी वाचत नाही म्हणून जगावर चिडलेला असतो. रायन हॅन्सनचा काइल दिसायला देखणा, आणि तेवढ्यावर आपलं निभावेल याची त्याला खात्री. जेन लिंचची कॉन्स्टन्स जुन्या दिवसांतल्या बारीकसारीक भूमिकांच्या आठवणी राजवैभवासारख्या सांगते. आणि केन मरिनोचा रॉन, या सगळ्यांचा मुकादम. त्याला नट व्हायचंच नाही. त्याला सूपचं एक दुकान काढायचं आहे. ते दुकान तो काढतो, ते बुडतं, आणि तो खाली मान घालून त्याच कंपनीत परत येतो.

तुम्ही याला विनोदी मालिका म्हणून जाहिरात केलीत. विनोदी होतीच ती. मी पोट धरून हसले आहे. पण तिच्या लेखकांना एक गोष्ट माहीत होती, जी त्या शहरातले नाटक-सिनेमावाले तोंडाने बोलत नाहीत. मेहनत केली, गुण असले, तरीही काही होत नाही असं घडू शकतं, आणि ज्याचं असं झालं त्याने दुसऱ्या दिवशी उठून शर्टला इस्त्री करायचीच असते. केसीला एका मोठ्या चित्रपटात भूमिका मिळते, आणि शेवटच्या भागात तिला कळतं की तिचा तुकडाच कापला गेला आहे. तिथे करुण संगीत वाजत नाही. समारंभ चालू असतो, तिच्या हातात काम असतं.

त्यांनी ही मालिकाही आमच्यासारखीच उभी केली होती. जॉन एनबॉम, रॉब थॉमस, डॅन एथरिज आणि पॉल रड या मित्रांनी आधी रॉब थॉमसच्या घरी, ओळखीचे नट गोळा करून एक नमुना भाग काढला होता. हे वाचलं तेव्हा मला कुणाच्या तरी गच्चीवर चालणाऱ्या आमच्या एकांकिकांच्या तालमी आठवल्या. आणि हेही मान्य करते की ही मालिका पडद्यावर आणण्याची हिंमत तुम्हीच दाखवलीत. म्हणूनच पुढचं जास्त लागलं. परक्याने दार उघडलं नाही तर वाईट वाटत नाही. घरात घेऊन, पाट मांडून, मग उठवलं की लागतं.

दुसऱ्या पर्वातला एक भाग तुम्हाला आठवतो का? स्टीव्ह गुटेनबर्ग हा नट त्यात स्वतःचीच भूमिका करतो. त्याचा वाढदिवस मित्रांनी आधीच साजरा केलेला असतो, केटरिंगची मंडळी मात्र ठरल्याप्रमाणे सामान घेऊन दारात. तो म्हणतो, आलाच आहात तर आत या, आज तुम्हीच पाहुणे. ते सगळे जण खातात, पितात आणि मग रोमनने लिहिलेली संहिता भूमिका वाटून घेऊन वाचतात. हेन्री वाचायला लागतो आणि खोलीतली हवा बदलते. तोवर आपण हेन्रीला फक्त ट्रे धरताना पाहिलेलं असतं. आता कळतं की हा माणूस खरोखर चांगला नट आहे. जाहिरातीतल्या त्या एका वाक्याखाली पुरला गेलेला चांगला नट. वाढपीच पंगतीला बसले की काय होतं, ते त्या एका भागात दिसतं. मी तो भाग संपल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. मग ती जुनी वही काढली आणि त्या दिग्दर्शकांचं वाक्य परत वाचलं. या वेळी ते खरं वाटलं.

आता तुमच्या हिशेबाकडे येते.

२५ जून २०१० रोजी दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग लागला. तो ७४ हजारांच्या आसपास लोकांनी पाहिला, आणि १८ ते ४९ या वयोगटातलं रेटिंग ०.० भरलं. पाच दिवसांनी, ३० जूनला, मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. जेन लिंच आधीच ‘ग्ली’मध्ये गेली होती, ॲडम स्कॉट ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’मध्ये चालला होता, ही तुमची अडचण मला समजते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००९ मधल्या दहा उत्तम कार्यक्रमांत तुमच्या या मालिकेचं नाव घेतलं होतं, ‘मॅड मेन’ आणि ‘मॉडर्न फॅमिली’च्या पंक्तीत, हेही तुम्हाला माहीत होतं. पण शून्यासमोर तुम्ही बाकी काही बघितलं नाहीत.

माझं गाऱ्हाणं त्या शून्याबद्दल आहे. कॅलेंडर काढून बघा. मालिकेचा पहिला भाग लागला तो २० मार्च २००९, शुक्रवार. दुसरं पर्व सुरू झालं २३ एप्रिल २०१०, शुक्रवार. संपलं २५ जूनला, शुक्रवार. तेरा वर्षांनी परत आणलीत ती २४ फेब्रुवारी २०२३ला, तोही शुक्रवार.

केटरिंगमधला माणूस शुक्रवारी रात्री कुठे असतो? दुपारी तीनला गाडी भरायला सुरुवात होते. खोक्यांतून ग्लास, इस्त्रीचे टेबलक्लॉथ, बर्फ. साडेपाचला चेफिंग डिशखाली इंधनाच्या डब्या पेटवायच्या. सहापासून ट्रे घेऊन फिरायचं. लग्नाच्या आदल्या दिवशीची जेवणं, कंपन्यांच्या पार्ट्या, निवृत्तीचे समारंभ, सगळं शुक्रवारी. नऊनंतर ताटं गोळा करायची, उरलेलं खरवडायचं, ग्लास पुसून खोक्यांत भरायचे. घरी पोचायला बारा वाजतात, आणि पायांतले बूट काढेपर्यंत शनिवारचं बोलावणं फोनवर आलेलं असतं. आमच्यावरची मालिका तुम्ही नेमकी अशा वेळी लावलीत की आम्ही ती पाहूच शकणार नव्हतो. तीही अशा वाहिनीवर, जी घ्यायला दरमहा वेगळे पैसे मोजावे लागतात. आणि मग सांगितलंत की ही कुणाला नको आहे.

आमच्यात एक वयस्क बाई होती. मोठ्या जेवणावळी असल्या की बाहेरच्या केटररकडून जास्तीची माणसं यायची, त्यांच्यात ती असायची. साठी उलटलेली. तरुणपणी नटी व्हायला त्या शहरात आली होती आणि मग तिथेच राहिली. तिच्याकडे टीव्हीवर तुमची वाहिनी नव्हती, शुक्रवार तर तिच्याकडे कधीच नव्हता. भेट झाली की ग्लास पुसता पुसता मी तिला मागचा भाग सांगायचे. सगळा, पहिल्यापासून. माणसांचे आवाज काढून, कधी फडकं हातात तसंच ठेवून उभं राहून करून दाखवत. कॉन्स्टन्सचं काही आलं की ती म्हणायची, “हे परत सांग.” मी परत सांगायचे. एकदा ऐकता ऐकता ती हसायची थांबली आणि म्हणाली, “म्हणजे कुणीतरी आपल्याला पाहिलंय.”

तुमच्या ७४ हजारांत ती धरलेली नाही.

मालिका बंद झाल्याचं मीच तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. हातातला ग्लास तिने दिव्यासमोर धरला, कडेवरचा डाग परत पुसला आणि मग विचारलं, “शेवटी हेन्री ऑडिशनला गेला ना?” मी म्हटलं, गेला. तिने मान हलवली आणि दुसरा ग्लास उचलला.

आमच्याकडे एक शब्दप्रयोग आहे, भरल्या ताटावरून उठवणं. शत्रूच्याही बाबतीत करू नये अशी ती गोष्ट. जेवणारा घास घेतो आहे तोवर त्याला हाक मारू नये, त्याच्यावर रागावू नये, असं आमच्या आज्या सांगत. जन्मभर दुसऱ्यांना वाढणारी माणसं त्या मालिकेत एकदाची पानावर बसली होती. तुम्ही त्यांना उठवलंत.

मी २०११ मध्ये परत आले. काही प्रायोगिक नाटकं केली, मालिकांमध्ये दोन-चार दिवसांची कामं केली, आणि आता मुलांना नाटक शिकवते. २०२३ मध्ये तुम्ही सहा नवे भाग आणलेत तेव्हा पहिल्याच भागात पाहिलं की हेन्रीसुद्धा शाळेत शिकवतो आहे. माझ्या तोंडून आपोआप ‘अरे’ निघालं. केसी जवळजवळ नव्हतीच, ती उणीव जाणवत राहिली. पण रॉन तसाच होता, पडून उठणारा. महासाथीने समारंभच बंद पडले तेव्हा त्याच्या धंद्याचं काय झालं, तेही त्यात होतं. आमच्याकडे नाट्यगृहांना कुलपं लागली तेव्हा माझ्या ओळखीतले रंगमंचामागचे दोघे जण भाजी विकायला बसले होते. त्यांतल्या एकाला मी ते भाग लॅपटॉपवर दाखवले, भाषांतर करत करत. त्याने गुलाबी बो-टायकडे बोट दाखवून विचारलं, “हे घालायलाच लागतं का?” मी म्हटलं, लागतं. तो म्हणाला, “मग आपली लुंगी बरी.” आणि पुढचा भाग लाव म्हणाला.

त्याच वर्षी तुमच्या शहरात नट रस्त्यावर उतरले. १४ जुलै ते ९ नोव्हेंबर, ११८ दिवस संप चालला. त्या संपाने एक आकडा जगापुढे आणला. युनियनचा आरोग्यविमा मिळवायचा तर अभिनयातून वर्षाला २६,४७० डॉलर मिळवावे लागत, आणि सुमारे १ लाख ६० हजार सभासदांपैकी बहुसंख्यांची कमाई तिथवर पोचत नव्हती. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांचं पोट दुसऱ्याच कामावर चालतं. ही बातमी वाचून लोक चकित झाले. तुमच्याकडे तर या बातमीवरची मालिका चौदा वर्षं पडून होती, विनोदाने सांगितलेली, कुणालाही न दुखावता सगळं खरं बोलणारी. त्या घडीला दाखवायला त्याहून योग्य काय होतं? संप मिटून दोन महिने होतात न होतात तोच, २०२४च्या सुरुवातीला, तुम्ही ती दुसऱ्यांदा बंद केलीत.

पहिल्यांदा चूक झाली असं मी मनाशी म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी तसं म्हणता येईना.

आता मागणं. चौथं पर्व काढा, असं मी म्हणणार नाही. नट म्हातारे होतात, लेखक दुसरीकडे जातात. माझं मागणं साधं आहे. जे २६ भाग आहेत ते कायम कुठेतरी, सहज आणि स्वस्तात बघता येतील असे ठेवा. कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी. मध्यरात्री बूट काढून बसलेल्या माणसाला ते सापडले पाहिजेत. आणि पुढच्या वेळी कष्टकऱ्यांवरची एखादी गोष्ट तुमच्यासमोर आली, तर ती कोणत्या वारी लावायची हे ठरवण्याआधी त्या कामातल्या एका माणसाला विचारा की बाबा रे, तू घरी कधी असतोस? एवढा एक प्रश्न २००९ मध्ये विचारला असता तर कदाचित ते शून्य आलं नसतं.

पत्र संपवताना ‘लोभ असावा’ असं लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुमचा लोभ आम्हाला दोनदा मिळाला आणि दोनदा गेला, तेव्हा तो आता मागत नाही.

दुसऱ्यांदा मालिका बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी मी त्या बाईचा नंबर शोधून काढला. नवे सहा भाग तिला सांगायचे राहिले होते. पहिल्यापासून, आवाज काढून, सगळे. तीनदा लावला. तो नंबर आता लागत नाही.

कळावे,

तुमच्या शहरात एकेकाळी वाढपी असलेली
एक नटी, पुणे